आतोबांचा उजवा हात

जगात कोणी वाघाला भितं, कोणी भुताला, कोणी बायकोच्या माहेरच्यांना. आमचे आतोबा फक्त थकव्याला भीत. आणि त्यांच्याइतका कमी दमणारा माणूस उभ्या भाईंदरात दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. बाजूला मिठागरांत बाया डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन बांधावरून लगालगा चालताहेत, खाडीत कोळी वल्ही मारताहेत, आणि आमचे आतोबा खुर्चीत बसून पाण्याचा पेला उचलावा की तो आपण होऊन तोंडाशी येण्याची वाट पाहावी, या विचारात! आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, स्टेशनात तारमास्तर. लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. मी तिथल्या मराठी शाळेत शिकवत होतो, तिशीला टेकलो होतो, लग्न झालेलं नव्हतं, आणि त्यांच्या रेल्वेच्या क्वार्टरच्या पडवीत मी आणि माझी बाजाची पेटी असे दोघे राहत होतो. त्या पेटीपायीच मी पुढच्या भानगडीत सापडलो.

आतोबांचा सगळा जीव उजव्या हातात होता. तो हात ते दोनच कामांना वापरीत, तारेची चावी दाबायला आणि जेवायला. बाकी सगळं डाव्याने. दार डाव्याने, छत्री डाव्याने, माझ्या पाठीत धपाटा घालायचा तोही डाव्याने. उजवा हात तांबड्या फलालीनमध्ये गुंडाळून उपरण्याच्या झोळीत गळ्याशी अडकवलेला असे. नवखा माणूस विचारी, "काय मास्तर, पडलात का कुठे?" त्यावर आतोबा अगदी गंभीरपणे म्हणत, "अजून नाही." एकदा स्टेशनमास्तरांकडे सत्यनारायण होता, तर यांनी तीर्थाला डावा हात पुढे केला. भटजींची पळी हवेतच थांबली. आत्या मागून पुटपुटली, "अहो, देवाचं तरी उजव्या हाताने घ्या!" आतोबा म्हणाले, "देवाला दोन्ही हात सारखे. रेल्वेला नाहीत." भटजींनी शेवटी तीर्थ आत्याच्या हातावर घातलं आणि म्हणाले, "तुम्हीच द्या यांना." आत्या घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि घरी आल्यावर मात्र थांबली नाही.

दुसरी खोड म्हणजे चौकशी. लोक भेटल्यावर 'कसं काय' विचारतात, आतोबा 'दमलात का' विचारीत. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरे. "नाही? मग जपा. दमलेला माणूस बसतो. ज्याला कळतच नाही तो एकदम कोसळतो. थकवा लबाड असतो हो, सांगून येत नाही." स्टेशनातला हमाल खारीगावचा होता, आडदांड, कोळशाच्या पाट्या उचलणारा. त्याला रोज सकाळी हा प्रश्न. एके दिवशी तो वैतागून म्हणाला, "दमलो न्हाय वो मास्तर, तुमाला सांगून सांगून कंटाललो हाय." आतोबा विचारात पडले. संध्याकाळी मला म्हणाले, "कंटाळा मोजता येणार नाही. पण थकवा मोजता येईल."

तिथून ते यंत्र सुरू झालं. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं, की माणसाचा स्नायू आवळला की त्यात अगदी बारीक वीज खेळते, आणि रेडिओतल्या दिव्यांनी, म्हणजे व्हॉल्व्हनी, ती वाढवली तर तिचा आवाज ऐकू येतो. झालं! घरात बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता. आत्या त्याच्यावर भजनं ऐकायची. दोन दिवसांत त्याचा कोथळा बाहेर आला आणि भजनं संपली. मग दंडाला लावायला चांदी हवी म्हणून आत्याच्या जोडव्यांवर नजर गेली. "मी जिवंत असेपर्यंत नाही," आत्या म्हणाली. शेवटी तिच्या चांदीच्या करंड्याची दोन झाकणं, एक हळदीचं आणि एक कुंकवाचं, यावर तडजोड झाली. मिठागरातलं खारट पाणी आणायचं, फडक्याचे तुकडे त्यात भिजवायचे, ते झाकणांखाली घालून हातावर फडक्याने करकचून बांधायचे, आणि तारा यंत्राला जोडायच्या. त्या दिवसापासून आत्याचा करंडा उघडा राहिला आणि मुंग्यांना हळदीकुंकवाचं आमंत्रण मिळालं.

पहिला मान हमालाचा. रॉकेलचा भरलेला डबा एका हाताने उचलून, कोपर वाकवून तो अंगणात उभा राहिला, आणि यंत्राच्या कर्ण्यातून आवाज निघाला: खसखस, चरचर, वाळक्या पाचोळ्यात सरडा पळावा तसा. हमालाचे डोळेच पांढरे झाले. "माज्या हातात हा एवरा आवाज हाय?" थोडा वेळ गेला, आणि मी पडवीतून ओरडलो, "आतोबा, सूर उतरतोय!" खरंच उतरत होता. चरचर जाड होत होती, मोठी होत होती, आणि खाली खाली खर्जाकडे चालली होती. हमाल म्हणत होता, काय न्हाय, अजून धरतो. त्याचा चेहरा तसाच हसरा. पण कर्णा घुमायला लागला, आणि मग जरा वेळाने डबा थरथरला आणि खाली आला. आतोबा उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघितलंस? माणसाच्या आधी हात बोलला! याला कळायच्या आधी याच्या हाताने सांगितलं!" आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुला सुराचं कळतं. आजपासून ऐकायचं काम तुझं." मला तेव्हा वाटलं, चला, म्हातारपणी एक खेळणं मिळालं यांना. मीच मूर्ख होतो.

आता वसईकर. याच्याबद्दल सांगितल्याशिवाय आतोबा पुरे होत नाहीत. खाडीच्या पुलापलीकडे वसईच्या स्टेशनात जो तारमास्तर होता, त्याला आतोबांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण तारेवर माणसाचा 'हात' ओळखू येतो म्हणतात. प्रत्येकाची कट्ट आणि कडकट्ट वेगळी, चालण्याची ढब असते तशी. त्या हातावरून आतोबा त्याला बारा वर्षांपासून ओळखत होते आणि बारा वर्षांपासून शिव्या घालत होते. कारण एकच. आतोबांची तार रंगात आली की हा पठ्ठ्या मधेच थांबवायचा. रोज! म्हणे कागद संपला. म्हणे दिवा काजळला. आणि सगळ्यात लाडकं कारण, शाईत माशी पडली. आतोबा घरी येऊन थयथयाट करीत. "झोपतो मेला! वसईच्या शाईत इतक्या माशा पडतात, तर ती करतात तरी कशाची? गुळाची?" आत्या शांतपणे पान वाढायची आणि म्हणायची, "असेल हो. खाडीवर माशा फार."

मग एक दिवस वरून हुकूम आला. जुन्या तारमास्तरांची परीक्षा घ्यायची. साहेब येणार, शेजारी घड्याळ ठेवून बसणार, आणि एक लांबलचक तार न अडखळता एका दमात पाठवून दाखवायची. जो अडखळला त्याला घरी बसवणार. आणि घरी बसवणार म्हणजे काय, घर तरी कुठे होतं? क्वार्टर रेल्वेचं. कोकणातल्या घरात चुलतभाऊ पाय पसरून बसलेले. आत्याने त्याच दुपारी माळ्यावरून गोणपाट काढलं आणि तांब्याची भांडी बांधायला घेतली. मी म्हटलं, "आत्या, अगं, काहीतरीच काय! आतोबांसारखा हात या लाइनीत कोणाचा नाही, सगळे म्हणतात." तिने पिंप बांधता बांधता वर पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांचा हात गेलाय रे."

मला आधी समजेचना. मग तिने सगळं सांगितलं. वर्षानुवर्षं चावी दाबून दाबून हाताला खोड लागली होती. चांगला चालता चालता एकदम बोटं आखडायची, मनगट लाकडासारखं व्हायचं, आणि आधी काही म्हणता काही कळायचं नाही. दुखत नाही, खुपत नाही, एकदम बंद. तारवाल्यांना होतं म्हणे हे. कोणाला कळलं असतं तर नोकरी तेव्हाच गेली असती. म्हणून ते फलालीन, म्हणून ती झोळी, म्हणून देवाच्या तीर्थालाही डावा हात. लोकांनी वेडा म्हटलं तर म्हणू दे, पण लुळा म्हणायला नको. आम्ही सगळे ज्याला हसत होतो तो चक्रमपणा म्हणजे त्या माणसाने आपल्या अधू हातावर ओढलेलं पांघरूण होतं. आणि ते यंत्र खेळणं नव्हतं हेही तेव्हा कळलं. हात बंद पडायच्या आधी त्याने बोलावं, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता.

परीक्षा जवळ आली तशी घरातली झोप उडाली. आत्या सकाळी भांडी बांधायची आणि स्वयंपाकाला लागतात म्हणून पुन्हा सोडायची. एकदा मला चहा पाहिजे होता तर गाळणं तिसऱ्या गोणीत निघालं. आतोबा जेवताना मधेच घास हातात धरून बोटं उघडमीट करून बघायचे. मला शाळेत मुलं पाढे म्हणत असताना देखील कर्ण्याची घुमघुम ऐकू यायची. त्यात आतोबांना एका नव्या काळजीने धरलं. वसईकर! परीक्षेच्या दिवशी पलीकडे तोच असणार, आणि तो नेहमीसारखा मधे थांबवणार, आणि साहेबाला वाटणार की यांचीच चूक. "माझी नोकरी बुडवणार हा माशीवाला!" ते तडक स्टेशनमास्तरांकडे गेले आणि म्हणाले, त्या दिवशी वसईला दुसरा माणूस बसवा, हा नको, हा कामचुकार आहे. स्टेशनमास्तर म्हणाले, ठीक आहे, उद्या दुपारच्या गाडीने वर कळवतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. स्टेशनमास्तर भला माणूस. त्याने सकाळच्या निवांत वेळी यंत्र तार-ऑफिसात आणू दिलं, काय चाललंय हे न विचारता. कर्ण्याऐवजी कानाला लावायचा फोन जोडला होता. आतोबांच्या कोपराखाली आत्याच्या करंड्याची झाकणं बांधलेली, वर सदऱ्याची बाही. मी मागे पेटाऱ्यावर बसलो, एक कान फोनला, दुसरा मोकळा. चावीची कटकट फोनात शिरत होती, पण तिच्याखालून हाताचा आवाज स्पष्ट होता. सूर खाली गेला की मी त्यांच्या खांद्याला बोट लावायचं, आणि त्यांनी काहीतरी निमित्त काढून थांबायचं, असं ठरलं होतं.

आतोबांनी वसईला तारा सोडायला सुरुवात केली. काय तो हात! बोटं नुसती नाचत होती. आवाज बारीक, चरचरीत, स्वच्छ. मग हळूहळू जाड व्हायला लागला. उतरायला लागला. मी बोट पुढे केलं, आणि ते खांद्याला लागायच्या आत तारयंत्र आपण होऊन खडखडलं. आतोबांनी चावी सोडली आणि कपाळावर हात मारला, डावा. "घ्या! कागद संपला म्हणतो!" मी म्हटलं, योगायोग. थोड्या वेळाने पुन्हा सुरुवात. पुन्हा तसंच. सूर जाड झाला, खाली आला, माझं बोट निघालं, आणि वसईकर आडवा आला. तिसऱ्या खेपेलाही तेच. मी फोन काढला आणि म्हटलं, "आतोबा, तो झोपत नाही."

"मग काय करतो?"

"तुमचा हात ऐकतो."

ते माझ्यावर उखडले. काहीबाही बोलू नकोस, म्हणाले. सतत जागून तुझं डोकं फिरलंय. मीही काही कमी तापट नाही. म्हटलं, "दुपारची गाडी यायला फार वेळ नाही. तोवर हा फोन तुमच्याच कानाला लावा आणि ऐका. मी खोटा ठरलो तर उद्या मीच पेटी फोडतो!" तसा त्यांनी फोन घेतला. टोपी काढून ठेवली, फोन कानावर बसवला, आणि चावीवर बोटं ठेवली. बारा वर्षं ज्या हाताने त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्याचं बोलणं ते पहिल्यांदा स्वतः ऐकत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कपाळाच्या आठ्या हळूहळू खोल झाल्या. म्हणजे सूर उतरत असणार. ओठ आवळले गेले. आणि तेवढ्यात तारयंत्र वाजलं. कट्ट, कडकट्ट.

मी विचारलं, "काय म्हणतो?"

"शाईत माशी पडली म्हणतो," ते म्हणाले, आणि फोन कानावर तसाच ठेवून हुंदके देऊन रडायला लागले. एवढा मोठा माणूस! मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. मग बाहेर गाडीची घंटा झाली तसे ते उठले, हाताला बांधलेल्या तारा तशाच लोंबत, फलाटावरून अनवाणी धावत सुटले. "मास्तर, कळवू नका! अहो, कळवू नका! तोच राहू द्या!" त्यांना धावताना मी आयुष्यात तेवढंच पाहिलं. मागून हमाल मला विचारत होता, "काय झालाय यांना? दमतील ना!"

परीक्षेच्या दिवशी मी शाळेतून पळून जाऊन तार-ऑफिसच्या खिडकीखाली उभा होतो. आत्या घरात देव पाण्यात ठेवून बसली होती. साहेब घड्याळ घेऊन बसला. आतोबा सुरू झाले, आणि नेमक्या वेळी वसईकराने थांबवलं. साहेब गुरगुरला. पुन्हा सुरू, पुन्हा थांबवलं. साहेबाने रागाने टेबलावर हात आपटला. पण तार घेणाऱ्याने थांबवलं तर दोष घेणाऱ्याचा, पाठवणाऱ्याचा नाही. साहेब जाताना आतोबांना म्हणाला, "तुमचा हात उत्तम आहे. तो पलीकडचा मनुष्य अगदी मंद आहे. त्याच्यावर शेरा मारावा लागेल." आतोबा तोंड उघडायला गेले, पण खरं सांगितलं तर दोघांचीही नोकरी जात होती. ते मान खाली घालून उभे राहिले. घरी आल्यावर आत्या गोण्या सोडत होती आणि रडत हसत होती, आणि हे कोपऱ्यात बसून म्हणत होते, "शेरा त्याच्यावर बसला गं. माझ्यासाठी त्याने मंद म्हणवून घेतलं." रात्री जेवलेही नाहीत.

वसईला जाऊन भेटायचं त्यांनी कितीदा ठरवलं. पूल ओलांडला की पुढचंच स्टेशन ते. पण काय म्हणून भेटायचं? बारा वर्षांच्या शिव्यांचं काय सांगायचं? शेवटी एके दुपारी त्यांनी तारेवर विचारलं, "शाई झाकून ठेवत नाही का?" पलीकडून उत्तर आलं, "झाकण सापडत नाही." बस, एवढंच. आतोबा ते उत्तर आठवडाभर मला सांगत होते आणि खुदखुदत होते. यंत्र मात्र त्यांनी मोडलं. आत्याला झाकणं परत मिळाली. खाऱ्या पाण्याने ती काळी पडली होती, कितीही घासली तरी पहिल्यासारखी झाली नाहीत. तिनेही फार घासली नाहीत.

मग लढाई आली आणि तारांचा पाऊस पडायला लागला. दोघेही म्हातारे झाले होते. एकदा मी डबा घेऊन ऑफिसात गेलो, तर आतोबा वसईची तार घेत होते. कट्ट कडकट्ट चाललं होतं, आणि एकाएकी त्यांनी कान टवकारले, डाव्या हाताने टाक खाली ठेवला, आणि उजव्या हाताने चावी दाबून पलीकडच्याला थांबवलं. टाक चांगला होता, समोर कोरा कागदही भरपूर होता. मी विचारलं, "काय झालं?" ते जरा रागानेच म्हणाले, "काही नाही. माशी पडली." आणि खिडकीतून पुलाकडे बघत बसले, पलीकडच्याचा हात निवेपर्यंत.

लढाई संपता संपता एक दिवस वसईहून नवाच हात आला. तरणा, भरधाव, एकही चूक नाही. जुना कुठे गेला हे कोणी कळवलं नाही, आणि आतोबांनी तारेवर विचारलं नाही. त्यांची नोकरी सुटायला अजून अवकाश होता, पण त्यांनी आपण होऊन अर्ज दिला. आत्याने या खेपेला भांडी सावकाश बांधली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "आतोबा, अजून थोडे दिवस राहिला असतात की. हात चांगला चालतोय तुमचा."

"चालतोय रे," ते म्हणाले. झोळीतून त्यांनी उजवा हात काढला, फलालीन सोडलं, आणि तो हात माझ्या खांद्यावर ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "पण नव्या मुलाच्या शाईत माशाच पडत नाहीत."